एक्केचाळीस मिनिटं

मुलचेरा
दि. ६ ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानीस,
सप्रेम जयभीम.

काल, शनिवारी, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी तुझ्याकडे येणारा कंटेनर आमच्या फाटकाबाहेर पडला. वीस फुटी. आत रोहू आणि कतला, दहा-दहा किलोची तेराशे चाळीस खोकी. दर विसाव्या खोक्यातल्या माशाच्या पाठीत सुई खुपसून पाहिली, उणे एकोणीसच्या वर एकही निघाला नाही. कंटेनरच्या आतल्या भिंतीवर लाल रेघ असते, तिच्यावर एक बोटभरही माल चढू दिला नाही. वरून हवा फिरली नाही तर मासा सोहारला पोचेस्तोवर त्याची चिखलाची गोळी होते. नागपूरहून आलेले इंजिनिअर साहेब म्हणत होते की अजून दोन थर बसतील. मी म्हटलं, बसतील, पण मग ते दोन थर तुम्हीच न्या घरी. तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलतात. मी दहावीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण इथले तिन्ही कॉम्प्रेसर मी उघडून पुन्हा बसवलेले आहेत आणि एकही नट उरला नाही, हे साऱ्या कारखान्याला माहीत आहे.

दाराजवळच्या शेवटच्या रांगेत, उजव्या हाताला, खालून पाचव्या खोक्यावर लॉगर ठेवला आहे. काडेपेटीएवढं यंत्र, दर मिनिटाला तापमान नोंदतं, हे तुला मी काय सांगू. कुठे ठेवला तेवढं लक्षात ठेव.

तू म्हणशील, मामा फोन काऊन करत नाही. फोनवरचं बोलणं कुठे राहतं? माझं पत्र कंटेनरच्या मूळ कागदांसोबत कुरिअरनं जातं. तुझं ऑफिसच्या मेलवर येतं, त्याची प्रिंट काढून मी फाइलला लावतो. इकडे माल भरणारा मी, तिकडे उतरवून घेणारी तू, मध्ये समुद्र. मालकांना वाटतं ही त्यांची व्यवस्था आहे. मला वाटतं ही आपल्या घरची आहे.

येत्या ८ डिसेंबरला रुखमाला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम माझ्याच घरी ठेवतो. मागच्या वेळी तुला सुट्टी मिळाली नव्हती, आईचं तोंडही पाहता आलं नाही, म्हणून दोन महिने आधी कळवतो. मनाला लावून घेऊ नको. अकरा मिनिटं थंड खोलीत अडकून कोणी मरत नाही. तिला सिकलसेल होता, थंडीनं रक्त अडकलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांचंही हेच म्हणणं पडलं. तुझे बाबा गेले तेव्हाही मी होतो, आताही आहे.

तुझा मामा,
श्रावण उंदिरवाडे


सोहार, ओमान
२७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामा,
जयभीम.

कंटेनर बावीस तारखेला आला. खोकी तेराशे चाळीस, एकही फाटलं नाही. मासा दगडासारखा. आमचे साहेब म्हणाले, हा माल भरणारा माणूस कुठला? मी म्हटलं, जंगलातला. ते हसले. मी तुमची भाची आहे हे सांगितलं नाही, नाई तं माझ्या तपासणीवर कोणाचा भरवसा राहणार नाही.

पण मामा, लॉगरचं काय करू?

ग्राफ काढला तं रोज दुपारी एक उंचवटा दिसते. ठीक दोन वाजून दहा मिनिटांनी रेघ उणे अठरावरून उचलते, उणे अकरापर्यंत जाते, थोडा वेळ तिथे राहते आणि खाली येते. एकूण एक्केचाळीस मिनिटं. तिथून निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माल उतरेपर्यंत रोज. मी स्केल लावून मोजलं. एका मिनिटाचा फरक नाही. कंटेनरचं स्वतःचं रेकॉर्ड मात्र सपाट आहे आणि मासा कुठेच नरमला नाही.

उणे पंधराच्या वर गेलेला माल अडवून ठेवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी कागदावर "लॉगर नादुरुस्त" लिहून माल सोडला. पहिल्यांदाच असं काही लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही.

डिसेंबरात सुट्टी नाही. खरं सांगू का, मागची न मिळालेली सुट्टी मले टोचते, पण आईचा रागही अजून गेला नाही. थंड खोलीत जाताना गळ्यात पितळी बिल्ला घालायचा, बाहेर आलं की आपला बिल्ला आपल्या हातानं खुंटीवर लावायचा, ही पद्धत तुम्हीच तिथे बसवली ना? सगळे खुंटीवर आले की दार बंद. एवढी सोपी गोष्ट. मग तिनं आपला बिल्ला दुसरीच्या हाती देऊन मागं फिरायची काय गरज होती? अपघाताच्या अहवालात तुम्ही लिहिलेला तो शब्द, "निष्काळजीपणा", मी इथे बसून शंभरदा वाचला. माझी आई निष्काळजी नव्हती, असं वाटते. मग वाटते, कागद खोटं काऊन बोलेल.

तुमची,
दिव्यानी


मुलचेरा
दि. ९ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
सप्रेम जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा विचार केला. तो विचार लिहितो.

कंटेनरचं यंत्र दर काही तासांनी थांबून आपल्या नळ्यांवरचा बर्फ वितळवतं. त्या वेळी थोडी गरम हवा आत येते. लॉगर दाराजवळ, दाराच्या रबरातून बाहेरची ऊब येते. दोन्ही एका वेळी झालं की उंचवटा. यात न कळण्यासारखं काही नाही. इंजिनिअर साहेबांना विचारलं, तेही हो म्हणाले. ते हो म्हणाले म्हणून मला जरा शंका आली, पण या वेळी त्यांचं बरोबर असावं.

तरी मी कोणाच्या शब्दावर जाणारा नाही. ७ तारखेला निघालेल्या कंटेनरमध्ये तीन लॉगर ठेवले आहेत. नवे, पाकिटं मी फोडली, तिन्हींची घड्याळं आकाशवाणीच्या वेळेशी मी जुळवली. एक अगदी आत, एक मध्ये, एक दाराजवळ. सूरजागडच्या खनिजाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, आष्टीपर्यंतच साडेतीन तास गेले, पण गाडीवरचा जनरेटर चालू होता. मी मोटरसायकलवर मागोमाग जाऊन पाहिलं.

आईबद्दल रागानं लिहू नको. गेलेल्या माणसावर राग काढून काय मिळतं? झालं ते झालं.

श्रावणमामा


सोहार
१ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा,

तिन्ही लॉगर पाहिले.

आतला सपाट. मधला सपाट. दाराजवळचा दोन दहाला उचलला, दोन एक्कावन्नला खाली. रोज.

तुमचं बर्फ वितळवण्याचं कारण बसत नाही. ते यंत्र दर सहा तासांनी करते आणि तिन्ही लॉगरवर दिसायला पाहिजे. दुसरी गोष्ट मले परवा सुचली. जहाज पश्चिमेला निघालं की घड्याळं मागे घेतात. इथे ओमानला आपल्यापेक्षा दीड तास कमी. जहाजावरचं सगळं, जेवण, पाळ्या, त्या वेळेवर चालते. हा उंचवटा मात्र समुद्रातही भारताच्या दोन दहालाच येते. इथे यार्डात विजेच्या प्लगवर उभ्या कंटेनरमध्ये तो बाराचाळीसला आला. म्हणजे ज्याचं कोणाचं हे घड्याळ आहे, ते मुलचेऱ्याचं आहे.

आणखी एक. लिहू की नको असं करून राहिली होती. परवा दुपारी एक वाजता मी आणि पोचू, हा आपल्याच सिरोंच्याकडचा, इथे फोर्कलिफ्ट चालवतो, आम्ही दोघांनी दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला सगळीकडे दव गोठून पांढरं झालं होतं. एक जागा सोडून. तिथे पत्रा कोरडा, स्वच्छ. तळहातापेक्षा थोडी मोठी, लांबट गोल. मी समोर उभी राहिली तं ती जागा माझ्या हनुवटीपाशी आली. पोचू तेलुगूत काही बोलला आणि गाडी मागे घेतली. मी विचारलं तं सांगेना. मग संध्याकाळी म्हणाला, "बाई, कोणी दाराले कपाळ टेकून उभं राहिलं तं असंच दिसन."

आई माझ्या हनुवटीपर्यंत यायची.

मामा, मी भोळी नाही. तुम्हीच शिकवलं की दिसलं ते मोजायचं आणि मोजलं तेच मानायचं. म्हणून एकच विचारते. चार डिसेंबरला आई आत अडकली, ती वेळ कोणती होती? अहवालात अकरा मिनिटं लिहिलं आहे, वेळ लिहिली नाही. तुम्ही वेळ लिहायचं विसरलात, हे मले पटत नाही.

दिव्यानी


मुलचेरा
दि. १३ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
जयभीम.

रविवारी कार्यक्रम नीट झाला. आलापल्लीहून भन्तेजी आले होते. बुद्धवंदना झाली, परित्राण पाठ झाला. कारखान्यातली सारी माणसं आली. रुखमासोबत काम करणारी आशाबाई फार रडली. रुखमाचा फोटो मी नव्यानं फ्रेम केला, काच साडेतीन मिलिमीटरची, चारही कोन काटकोनात. जेवणात तिच्या आवडीची लाखोळीची डाळ होती. नव्वद माणसांचा अंदाज होता, एकोणनव्वद जेवली.

तू वेळ विचारलीस. दुपारची वेळ होती. जेवणानंतरची. त्याच संध्याकाळी लोकांना चैत्यभूमीला जायला गाडी पकडायची होती, धावपळ होती, घड्याळ कोण पाहत होतं.

दव कुठे गोठतं आणि कुठे गोठत नाही याला शंभर कारणं असतात. पत्र्यावर तेलाचा हात लागला असेल. पोचूसारख्या माणसाच्या बोलण्यावर जाऊ नको. बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच बाहेर काढलं, आणि तू शिकली-सवरलेली पोरगी समुद्रापलीकडे बसून पुन्हा त्यातच पाय घालतेस? यंत्र तापमान मोजतं, मनातलं मोजत नाही.

परवा निघालेल्या कंटेनरमध्ये दाराजवळ लॉगर ठेवलेला नाही. दोन पुरेत, आत आणि मध्ये. नियमात एकच लागतो.

श्रावण उंदिरवाडे


सोहार
६ जानेवारी २०२५

मामा,

लॉगर दाराजवळ नव्हता म्हणून मी आमचा ठेवला. कंटेनर यार्डात प्लगवर चार दिवस उभा होता. दाराच्या जवळ, उजव्या हाताला, खालून पाचव्या खोक्यावर. ग्राफ सोबत जोडला आहे. चार दिवस, चार उंचवटे. बाराचाळीस ते एक एकवीस.

आता लिहिण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून हेही सांगते. हा कंटेनर मी अडवला आहे. साहेबांना सगळे ग्राफ दाखवले, पहिला दडवलेला धरून. ते म्हणतात, भरणाऱ्याकडून लेखी कारण आणा, नाई तं तिकडचा माल घेणं बंद. माझ्यावरही चौकशी बसली. तुम्ही काय कारण लिहून देता, त्यावर तुमच्या कारखान्याचं आणि माझं इथलं राहणं अवलंबून आहे.

पण मी त्यासाठी विचारत नाही. तुमच्या घरी जेवलेली माणसं तुम्ही मोजता. रस्त्यातल्या गाडीचे तास मोजता. आणि चार डिसेंबरला घड्याळ कोण पाहत होतं, असं लिहिता. मामा, अकरा मिनिटं मग कोणी मोजली?

दिव्यानी


मुलचेरा
दि. २७ जानेवारी २०२५

चि. दिव्यानी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत मी काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला हात तयार होईल.

मी खोली क्रमांक दोन पूर्ण रिकामी केली. तीच ती खोली. उणे तिसावर आणली आणि आत सहा लॉगर ठेवले, चार कोपऱ्यांत चार, दारापाशी दोन. सात दिवस. रोज दोन वाजता मी बाहेर स्टुलावर जाऊन बसायचो. सातही दिवस सहाही रेघा सपाट आल्या. खोलीत काही नाही. ती इथे नाही, दिव्यानी. जिथे तिला ठेवलं तिथे ती राहिली नाही. सील लागलं की ती मालासोबत निघते, बंदर ओलांडते आणि तू दार उघडशील त्या दाराशी उभी राहते. हे मी मानत नाही. पण मोजलं आहे.

आता ऐक.

चार तारखेला सोमवार होता. बारा माणसांना संध्याकाळची गाडी पकडायला बल्लारशाला पोचायचं होतं आणि कंटेनर त्याआधी भरून निघायला पाहिजे होता. खोली दोनमध्ये चौदा जण खोकी काढत होते. हातमोजे घालून बिल्ला काढणं, खुंटी शोधणं, लावणं, एकेकाला अर्धं मिनिट जातं. मी म्हटलं, आज राहू द्या, सगळे बिल्ले एकीकडे द्या, मी लावतो. नियम माझा होता, म्हणून मोडायचा अधिकारही माझाच आहे असं मला वाटलं. आशाबाईनं आत सगळ्यांच्या गळ्यातून बिल्ले गोळा केले आणि मूठभर माझ्या हातात दिले. मी मोजले. चौदा. चौदाही खुंट्यांवर लावले आणि दार बंद केलं. रुखमा मागे वळली होती. एका खोक्यावर तारखेची चिठ्ठी तिरपी लागली होती, ती सरळ करायला. तिला तिरपं काही चालत नसे. हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

मी माणसं मोजली नाहीत, पितळ मोजलं.

आतली घंटा मी आठ दिवसांआधी दुरुस्तीला काढली होती. आतली कडी बर्फानं बसली होती, ती सुट्टीनंतर बदलणार होतो. दोन्ही गोष्टी वहीत "प्रलंबित" म्हणून लिहिलेल्या आहेत.

दोन चाळीसला आशाबाई आली आणि म्हणाली, "भाऊ, रुखमा कुठी आहे? तिची थैली तं इथीच आहे." मी म्हटलं, "तिचा बिल्ला पाय ना, खुंटीवर आहे." ती गेली. नळावर पाहिलं, संडासाकडे पाहिलं, फाटकावर विचारलं, परत आली. तेव्हा मी दार उघडलं. दोन एक्कावन्न झाले होते. ती दाराला लागूनच होती, दार उघडताच माझ्या अंगावर आली. श्वास चालू होता.

दोन चाळीस ते दोन एक्कावन्न, अकरा मिनिटं. तिला शोधायला लागलेली. अहवालात मी "अकरा मिनिटांत बाहेर काढले" असं लिहिलं आणि स्वतःला सांगत आलो की यात खोटा आकडा एकही नाही. दार दोन दहाला बंद झालं होतं. ते मी लिहिलं नाही. बिल्ला तिनं दुसरीच्या हाती दिला, हे लिहिलं. द्यायला मी सांगितलं होतं, हे लिहिलं नाही. आशाबाईला मी म्हटलं की तू तोंड उघडलंस तर कारखाना बंद पडेल, साठ घरं बसतील. डॉक्टरांनाही अकराच सांगितली. तिला सिकलसेल आहे, थंडी तिला चालत नाही, हे मला तिच्या लग्नाआधीपासून माहीत होतं.

तुझ्या साहेबांना हेच कारण लेखी पाठवतो आहे. यंत्रात दोष नाही, लॉगरमध्ये दोष नाही. दोष भरणाऱ्यात आहे.

श्रावण


सोहार
१० फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र मी डॉकवर उभ्यानं वाचलं. मग घरी जाऊन वाचलं. वर्षभर मी आईवर रागावून राहिली. हे कोणाला परत मागू?

अडवलेला कंटेनर अजून यार्डातच आहे, प्लगवर. आठ तारखेला दुपारी मी त्यात गेली. पोचू तयार नव्हता, त्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. त्याला सांगितलं की बाराचाळीसला दार लाव आणि एक एकवीसला उघड. त्याआधी उघडायचं नाही. मी आतून ठोकलं तं मात्र लगेच. माझ्या अंगात दोन स्वेटर, कंपनीचं जाकीट, हातमोजे, लोकरीची टोपी, गुडघ्यापर्यंत बूट. आई मासे धुऊन गेली होती ना, तिची साडी ओली असेल. पायात स्लिपर. तुमच्या खोलीत उणे तीस आणि पंखे. माझ्याकडे उणे अठरा.

आत अंधार होता. पहिली पाच मिनिटं मी घड्याळाचे चमकणारे काटे पाहिले, मग पाहणं बंद केलं, कारण काटा चालत नव्हता. पायाची बोटं आधी गेली. मग दात वाजायला लागले. मग एक वेळ आली की उजव्या बाजूनं, खांद्यापासून कोपरापर्यंत, थंडी वाजायची थांबली. कोणी जवळ बसलं की त्या बाजूला लागत नाही, तसं. मी वळून पाहिलं नाही. हात खिशात तसेच ठेवले. मी रडत नव्हती, हे खरं सांगते. मले बरं वाटत होतं.

आणि दार उघडलं. बाहेर ऊन होतं. मी म्हटलं, एवढ्यात एक्केचाळीस झाले? पोचूनं घड्याळ दाखवलं. एकोणीस झाले होते. मी त्याच्यावर चिडली की अजून बावीस बाकी आहेत, काऊन उघडलं?

तो म्हणाला, "तू ठोकलं ना. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा."

मी ठोकलं नव्हतं, मामा. माझे हात खिशात होते.

आता दोन गोष्टी. पहिली, अहवाल बदलून द्या. मालकाला, पोलीस ठाण्याला, ज्याला ज्याला दिला होता त्या प्रत्येकाला. आईच्या नावापुढचा तो शब्द काढा. त्याशिवाय मी गावी येणार नाही, तुमच्या घरी तं नाहीच.

दुसरी गोष्ट फक्त विचारते. माझ्या भोवती यार्डात पन्नास कंटेनरांची यंत्रं घरघरत होती, दार चार बोटं जाड. तरी पोचूला ठोके ऐकू आले. तुमची मशीनखोली खोली दोनच्या भिंतीला लागून आहे. दोन दहा ते दोन चाळीस तुम्ही तिथेच होता, कारण तुम्ही दुसरीकडे कुठे असता? तुम्ही काही ऐकलं होतं काय?

दिव्यानी


मुलचेरा
दि. १९ फेब्रुवारी २०२५

दिव्यानी,

नवा अहवाल सोमवारी दिला. तीन प्रती, प्रत्येक पानावर सही. तो शब्द रुखमाच्या नावापुढून काढला आणि माझ्या नावापुढे लिहिला. ठाणेदारांनी दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, एवढ्या दिवसांनी काऊन? मी म्हटलं, आकडा चुकला होता. मालकांनी किल्ल्या घेतल्या. पोलीस उद्या बोलावतील. आशाबाई माझ्यासोबत आली होती, तिनंही सांगितलं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या शब्दांत लिहिता येत नाही. मशीनखोलीची वही पोलिसांकडे देण्याआधी त्यातलं पान उतरवून घेतलं आहे. वाचण्याआधी एवढं समजून घे: कॉम्प्रेसरमध्ये गॅसऐवजी द्रव परत आलं की ते आत आपटतं आणि ठोके येतात. नळ्यांवरून हवा कमी जात असली की असं होतं. मग खोलीतला पंखा वाढवायचा. हे मला कोणी शिकवलं नाही, वीस वर्षं कानानं ऐकून मी शिकलो. इंजिनिअर साहेबांना ते ठोके ऐकू आले असते तर कळलंच नसतं की काय आहे, ते घाबरून दार उघडून पाहायला गेले असते. मी ओळखलं. मला अभिमान वाटला, हेही लिहितो.

पान जसंच्या तसं:

दि. ४/१२/२०२३. सोमवार. खोली क्र. २.
२.१० – दार बंद. बिल्ले १४, बरोबर. पंखे दोन चालू.
२.१७ – कॉम्प्रेसरमध्ये ठोके. तीन, थांबून तीन.
२.२२ – ठोके चालूच. द्रव परत येत आहे.
२.२६ – तिसरा पंखा चालू केला.
२.३३ – ठोके विरळ.
२.३९ – आवाज बंद. उपाय लागू पडला.
सही, श्रा. उंदिरवाडे